मदत हवी आहे : प्रभागातल्या बागेतली खेळणी आणि त्यांच्याखालची जमीन, दुरुस्तीत नेमकं काय मागावं?

पायवाट :
आमच्या प्रभागात साधारण अर्ध्या एकराची सार्वजनिक बाग आहे. मुलांच्या कोपऱ्यात चार झोक्यांची चौकट, फायबरची घसरगुंडी (वरचा ओटा जमिनीपासून १.८ मीटर), दोन सी-सॉ आणि एक चढायची कमान आहे. झोक्यांच्या साखळ्यांची सगळ्यात वरची कडी झिजून बारीक झाली आहे आणि बैठका लोखंडी पट्टीच्या आहेत. घसरगुंडीला मध्यावर वीतभर तडा आहे, बसायच्या जागी पांढरे तंतू वर आलेत आणि मुलांच्या मांड्यांना खाज सुटते. घसरगुंडीखाली २५ मिमीच्या रबरी लाद्या काँक्रीटवर चिकटवल्या आहेत. कडेच्या लाद्या सुटल्यात आणि पावसाळ्यात खाली पाणी साठून शेवाळं धरतं. झोक्यांखाली तर लाद्याही नाहीत. पायांनी खड्डे पडून चौकटीच्या पायाचं काँक्रीट उघडं पडलंय.

चौकशी केल्यावर कळलं की "रंगकाम मंजूर आहे". रंगाआधी दुरुस्ती व्हावी म्हणून रहिवाशांतर्फे लेखी मागणी द्यायची आहे. काय आधी मागावं, कोणत्या मापाचं मागावं आणि जुन्या कामाची कागदपत्रं कशी मिळवावीत, हे जाणकारांनी सांगावं.

मुरूमखडी :
मागणीत पहिला मुद्दा जमिनीचा ठेवा, खेळण्यांचा नंतर. बागेतल्या गंभीर दुखापती मुख्यतः उंचावरून कडक जमिनीवर पडल्यामुळे होतात. खेळणं नवंकोरं असलं आणि खाली काँक्रीट असलं तर धोका तेवढाच राहतो.

काँक्रीटवर २५ मिमीची लादी १.८ मीटर उंचीला अजिबात पुरत नाही. रबरी लादीची जाडी ठरते ती 'किती उंचीवरून पडलं तर डोकं वाचेल' या चाचणीवरून. युरोपात त्यासाठी ईएन ११७७ हे मानक आहे आणि लाद्यांचे बरेच पुरवठादार त्याचाच अहवाल दाखवतात. मागणीत "चांगल्या दर्जाचे रबर" असं मोघम लिहू नका. "ओट्याच्या उंचीइतक्या किंवा त्याहून जास्त पडण्याच्या उंचीसाठी चाचणी झालेली लादी, अहवालाच्या प्रतीसह" असं लिहा.

माझं मत विचाराल तर तुमच्या बागेला वाळू बरी. ईएन ११७६ (खेळण्यांच्या सुरक्षिततेचं युरोपीय मानक) प्रमाणे २ मीटर उंचीपर्यंत २० सेमी वाळू चालते. वर १० सेमी जास्तीची धरायची, कारण मुलं उकरतात आणि वाळू बाजूला सरकते. म्हणजे एकूण ३० सेमी. अमेरिकेतली मार्गदर्शिका याबाबत जास्त कडक आहे. ९ इंच वाळू ती फक्त ४ फूट उंचीलाच मान्य करते. म्हणून ३० सेमीच्या खाली कुणी आणू पाहिलं तर मान्य करू नका, ४० मिळाली तर घ्या.

वाळू कुठली, यावरच सगळं अवलंबून आहे. क्रश सँड (दगड फोडून केलेली वाळू) टाकायची नाही. तिचे कण टोकदार असतात, भुकटी जास्त असते आणि दोन पावसांत ती दाबून ओट्यासारखी घट्ट होते. धुतलेली, गोल कणांची, ०.२ ते २ मिमीमधली वाळू हवी. कामाचा क्रम असा : खेळण्याभोवतीचं काँक्रीट फोडून काढा, तळाला एका बाजूला उतार द्या, १० सेमी खडी, तिच्यावर जिओटेक्स्टाइल कापड (पाणी जाऊ देणारं, वाळू अडवणारं), मग वाळू. उताराच्या टोकाला भोकाचा पाइप टाकून तो पावसाळी गटाराला जोडा. हा पाइप खर्च वाचवायला गाळतात आणि मग जुलैत वाळूचा चिखल होतो. कडेला दगडी किंवा काँक्रीटची वर आलेली कड नको, कारण मूल नेमकं तिच्यावर आपटतं. कड जमिनीच्या पातळीतच ठेवा आणि धार गोल करून घ्या.

किती जागेवर टाकायची : खेळण्याच्या चारी बाजूंना किमान ६ फूट. झोक्याला पुढे आणि मागे वरच्या दांडीच्या उंचीच्या दुप्पट. दांडी २.४ मीटरवर असेल तर दोन्हीकडे ४.८ मीटर. त्या पट्ट्यात बाक, झाडाचा पार, कचरापेटी काहीही नको.

घणहातोडी :
वर म्हटलंय ते बरोबरच आहे, पण वाळूचं काम मंजूर होईस्तोवर झोके वापरात ठेवू नका. वरची कडी झिजलेली असताना साखळी तुटायचा धोका सगळ्यात जास्त असतो तो झोका वेगात अगदी खालून जात असताना, कारण ताण तेव्हाच सर्वाधिक असतो. साखळ्या काढून गुंडाळून ठेवायला एक पाना पुरतो. त्याचं पत्र आजच द्या.

कडी मोजायची ती व्हर्नियरने (बारीक जाडी मोजायचं साधन), आणि जिथे हुकाला घासते तिथे. बाजूची जाडी बघून फसगत होते. मूळ ८ मिमीची कडी घासलेल्या जागी ६ वर आली असेल तर पूर्ण साखळी बदला. नुसती ती कडी वेल्डिंगने भरून घेणं म्हणजे धोका पुढे ढकलणं. वेल्डच्या आसपास जस्ताचा थर जळतो आणि गंज तिथूनच सुरू होतो. झीज होण्याचं मूळ कारण लोखंडाच्या कड्यात लोखंडाचा हुक. त्याऐवजी बेअरिंगवाला हँगर मागा. एस-हुक असतील तर त्यांची तोंडं पूर्ण दाबून बंद हवीत. फट राहिली तर ओढणी, फ्रॉकचा बंद किंवा जॅकेटची दोरी अडकते. लोखंडी बैठका काढून रबरी पट्ट्याच्या बैठका लावा, पुढून जाणाऱ्या लहान मुलाच्या कपाळाला पट्टीची कड लागते. एका गाळ्यात (चौकटीच्या दोन आधारांमधल्या जागेत) दोनच झोके, त्यांच्यात किमान २४ इंच अंतर. चौकटीला गाळे किती आहेत ते कळवा.

चौकटीचा पाइप काँक्रीटमध्ये शिरतो ती जागा नीट तपासा. रंगाखाली गंज तिथेच लपतो. पेचकस टोचून बघा, हातोडीने हलकेच ठोका. भरीव आवाज हवा, बद्द आवाज आला किंवा पापुद्रे सुटले तर पाइप बदलायचाच. नवा घेताना जीआय (जस्त चढवलेल्या लोखंडी) पाइपवरचा पट्टा बघा : पिवळा लाइट, निळा मीडियम, लाल हेवी. झोक्याच्या उभ्या पाइपांना लाल घ्या. नुसता रंग मारला की हे सगळं झाकलं जातं आणि पुढच्या तपासणीत चौकट "सुस्थितीत" दिसते. म्हणून रंग शेवटी.

घसरगुंडीबद्दल एक खात्री करा. पांढरे तंतू दिसतात म्हणजे ती बहुधा एफआरपी (काचतंतू घातलेलं प्लास्टिक) आहे. तिचा जेलकोट (वरचा गुळगुळीत थर) गेला की काचतंतू उघडे पडतात आणि खाज त्याचीच. दुरुस्ती होते : तड्याच्या दोन्ही टोकांना बारीक भोक पाडायचं म्हणजे तो पुढे सरकत नाही, ८० नंबरच्या पेपरने घासायचं, अॅसिटोनने पुसायचं, खालच्या बाजूने काचतंतूंची मॅट आणि रेझिनचे दोन-तीन थर, वरून नवा जेलकोट. सगळं कोरड्या हवेत. ओल असताना थर धरत नाही, त्यामुळे जून ते सप्टेंबर हे काम करूच नका. घसरगुंडी पोकळ प्लास्टिकची (एलएलडीपीई) निघाली तर तिच्यावर रेझिन चिकटत नाही. तो तुकडा बदलावाच लागतो, ठिगळाचं बिल मंजूर करू नका.

आणि कमान. तिच्या दांड्यांमधल्या फटी मोजा. ९ सेमीहून मोठी आणि २३ सेमीहून लहान फट सगळ्यात वाईट, कारण अंग आत जातं आणि डोकं अडकतं.

जोडपत्र :
कागदपत्रांसाठी माहिती अधिकार अधिनियम, २००५. महाराष्ट्रात अर्ज 'जोडपत्र अ' नमुन्यात, १० रुपयांच्या कोर्ट फी स्टॅम्पसह. नियमाप्रमाणे एका अर्जात एकच विषय आणि साधारण १५० शब्द, त्यामुळे तक्रार त्यात मांडू नका, फक्त कागद मागा : रबरी लाद्या व खेळणी बसवण्याच्या कामाचा कार्यादेश, निविदेतील दोषदायित्व कालावधीचं (ठेकेदाराने दोष स्वखर्चाने दुरुस्त करायच्या मुदतीचं) कलम, माप पुस्तकाची (झालेल्या कामाची मापं नोंदवायच्या वहीची) संबंधित पानं, लाद्यांचा चाचणी अहवाल, आणि देखभालीचा ठेका असेल तर त्याच्या अटी. ३० दिवसांत उत्तर नाही आलं तर 'जोडपत्र ब'मध्ये पहिलं अपील, फी २० रुपये.

यातलं दोषदायित्वाचं कलम सगळ्यात मोलाचं. ती मुदत चालू असेल तर सुटलेल्या लाद्या ठेकेदाराने स्वतःच्या खर्चाने बसवायच्या असतात आणि नव्या मंजुरीची गरजच उरत नाही. माप पुस्तकात लादीची जाडी लिहिलेली सापडेल. ती आणि जागेवरची जाडी जुळते का, तेही पट्टी लावून पाहा आणि पट्टीसकट फोटो काढा.

पैसा नाही असं उत्तर आलं तर शहरात नागरिकांनी सुचवलेल्या कामांसाठी अंदाजपत्रकात तरतूद असते का, ते विचारा. पुण्यात ही पद्धत २००६ पासून आहे आणि तिथे एका कामाला ५ लाखांची मर्यादा असते. वाळूचा खड्डा आणि झोके एवढ्यात बसण्यासारखे आहेत. सूचना स्वीकारायची मुदत अंदाजपत्रकाच्या बरीच आधी संपते, म्हणून आधी ते विचारून घ्या.

पायवाट :
खूपच उपयोगी. झोक्याच्या चौकटीला दोन गाळे आहेत. साखळ्या काढण्याचं पत्र उद्या सकाळीच देतो, अर्जाचा मसुदा इथेच टाकेन. एकच शंका : वाळू म्हटलं की काही रहिवासी "कुत्री-मांजरं घाण करतील" म्हणून विरोध करतात. त्यावर काय सांगायचं?

मुरूमखडी :
दोन गाळ्यांत चार म्हणजे झोके बरोबर आहेत, अंतर तेवढं मोजून घ्या.

वाळूबद्दलचा विरोध रास्त आहे, तो उडवून लावू नका. कुंपणाची जाळी खालून बंद करा आणि फाटक आपोआप मिटणारं लावा, म्हणजे कुत्र्यांचा प्रश्न बराचसा सुटतो. मांजरांसाठी रात्री खड्ड्यावर हिरवी शेडनेट ताणून ठेवायची, सकाळी माळ्याने काढायची. उघडल्यावर दाताळ्याने वाळू उलटी-पालटी करायची. त्यात घाण आणि काचा दिसतात, आणि झोक्याखाली, घसरगुंडीच्या तोंडाशी सरकलेली वाळू परत जागेवर येते. हे रोजचं काम देखभालीच्या ठेक्यात शब्दशः लिहून घ्या, नाहीतर ते कुणाचंच राहत नाही. खेळण्याच्या पायाच्या पाइपवर ३० सेमीची खूण रंगाने करून ठेवा, पातळी खाली गेली की लांबूनही कळतं.

रोज दाताळं फिरवायला माणूस मिळणारच नसेल, तर मात्र वाळूचा हट्ट सोडा आणि चाचणी अहवाल असलेल्या जाड लाद्याच मागा.