पिशवी एक, लालपरी अनेक

निवृत्तीनंतर फिरायचं तर गाठीशी पंचवीस लाख हवेत, असं लोक म्हणतात; हे काही पटलं नाही बुवा. आम्ही दोघं एसटीने फिरतो. मी अडुसष्ट वर्षांचा, त्यामुळे तिकीट अर्धं. हिला २०२३ पासून महिला म्हणून अर्धं. पंचाहत्तरी गाठली की राज्यात फुकटच. (रेल्वेची सवलत मात्र मार्च २०२० मध्ये गेली ती गेलीच.) सलग भटकायचं असेल तर एसटीच्या ‘आवडेल तेथे प्रवास’चा चार किंवा सात दिवसांचा पास काढावा.

गेल्या पौषात दापोलीहून हर्णैला गेलो. संध्याकाळी बंदरावर मासळीचा लिलाव, समोर सुवर्णदुर्ग. घरगुती खोली, रात्री सोलकढी-भात. आमचं सामान म्हणजे एक पिशवी: दोन जोड कपडे, पंचा, गोळ्यांचा डबा, हिचा चहा-मसाला. पहिल्या सहलीला चाकांची बॅग नेली होती, ती दापोली स्टँडवर चढवताना कंडक्टरने असं काही पाहिलं की परत नेली नाही.

गुडघ्यांचं म्हणाल तर तीन तासांपेक्षा लांबचा टप्पा एका दमात करत नाही. मध्ये उतरतो, चहा घेतो, पुढची गाडी पकडतो. घाई कोणाला आहे!