सांगली की मिरज? भाड्याचं घर कुठे घ्यावं?

जूनपासून नोकरी कुपवाड एमआयडीसीत. सोबत बायको, तिसरीतली मुलगी आणि आई. आईचं डायलिसिस आठवड्यातून तीनदा, त्यामुळे दवाखान्यांसाठी मिरज बरं वाटतं. पण मुलीसाठी पसंत केलेली मराठी शाळा सांगलीत, विश्रामबागला आहे. दोन्हीकडच्या एजंटांशी बोललो. पुराचं विचारलं की नीट उत्तर मिळत नाही. २००५, २०१९, २०२१ चे कृष्णेचे पूर पाहता नदीकाठचा भाग आणि तळमजला नकोच. लिफ्ट मात्र हवी, आईला जिने जमत नाहीत. बजेट बारा हजार, गाडी फक्त दुचाकी.

विश्रामबागेत राहणाऱ्यांनी कृपया सांगावं: २०१९ च्या पुरात तिथून मिरजेच्या दवाखान्यांपर्यंत रुग्णाला नेता येत होतं का, आणि कोणत्या रस्त्याने?