प्रतिसाद: स्कॅन केलेल्या फोटोंची तारीख आणि जागा

पुण्यातल्या पानशेतच्या पुराचे जुने फोटो स्कॅन करून फोटो-साईटवर टाकले की ‘ताजे’ म्हणून का दिसतात, असं वर विचारलंय. साईट फाईलमधली तारीख उचलते आणि ती असते स्कॅन केल्याची. अपलोड करताना तारखेचा रकाना हाताने बदला. पण सरसकट १२ जुलै १९६१ (धरण फुटलं तो दिवस) टाकू नका. पाणी चढलेलं दिसत असेल तर ठीक. नुसता चिखल आणि पडके वाडे असतील, तर फोटो नंतरचा आहे. तिथे ‘जुलै १९६१, अंदाजे’ पुरे.

नकाशावरची खूण शक्यतो फोटो काढणारा उभा होता तिथे लावा. उदाहरणार्थ, पुण्यातला लकडी पूल डेक्कनकडून टिपलाय की अलका टॉकीजच्या बाजूने, हे कळलं की मागची घरं ओळखता येतात. (त्यावरून वाद होणारच, पुणं आहे.)

मोबाईलवर काढलेल्या घरच्या गणपतीच्या फोटोत मात्र लोकेशन काढून टाका. नाहीतर घराचा पत्ता जगजाहीर होतो.

आणि जुन्या प्रिंटच्या पाठीवर स्टुडिओचा शिक्का किंवा पेन्सिलीने काही लिहिलेलं असेल, तर तीही बाजू स्कॅन करून त्याच अल्बमात टाका.