इस्ट्राडायोल आणि मेंदू यावर पीएच.डी.: मादी रॅट टाळावी का?

दादरची_लाइफसायन्स
एम.एस्सी.चं शेवटचं सेमिस्टर आहे. मुंबई सोडायची नाही, त्यामुळे परळची राष्ट्रीय प्रजनन व बाल आरोग्य संशोधन संस्था किंवा कुलाब्याची टीआयएफआर (टाटा मूलभूत संशोधन संस्था) डोक्यात आहे. विषय इस्ट्राडायोल (अंडाशयातलं मुख्य स्त्री-हार्मोन) आणि हिप्पोकॅम्पस (मेंदूतला स्मरणशक्तीचा भाग). सीनियर म्हणतात मादी रॅट घेऊ नकोस, तिच्या हार्मोनच्या चक्रामुळे डेटा विस्कटतो. घेतलीच तर अंडाशय काढून टाक. खरंय का? शिवाय चक्राचा टप्पा ओळखायला घेतलेल्या योनी-स्मिअरच्या स्लाइड पुस्तकातल्या चित्रांशी जुळत नाहीत.

पिपेट_परळ
डेटा विस्कटतो ही जुनी समजूत. २०१४ साली माउसवरच्या २९३ शोधनिबंधांचा एकत्र आढावा निघाला, त्यात माद्यांची मापं नरांपेक्षा जास्त बदलती आढळली नाहीत. आणि तुमचा विषयच इस्ट्राडायोल असेल तर चक्र टाळून काय अभ्यासणार? १९९० मध्ये न्यूयॉर्कला ब्रूस मॅकइवेन यांच्या लॅबमध्ये कॅथरीन वूली आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की प्रोइस्ट्रस ते इस्ट्रस (चक्राचे लागोपाठचे दोन टप्पे) या २४ तासांत हिप्पोकॅम्पसच्या सीए-१ भागातल्या डेंड्रायटिक स्पाइन्स (चेतापेशींच्या फांद्यांवरचे जोडणीचे काटे) सुमारे ३० टक्क्यांनी घटतात.

स्मिअर रोज ठरल्या वेळी, सकाळीच घ्या. १०० मायक्रोलिटरच्या आसपास सलाईन, पिपेटची टिप योनीच्या जेमतेम तोंडाशी. सोडा, ओढा, स्लाइडवर थेंब. गोल, केंद्रक असलेल्या पेशींचे पुंजके म्हणजे प्रोइस्ट्रस. केंद्रक नसलेले कोनदार पापुद्रे, इस्ट्रस. पापुद्रे आणि पांढऱ्या पेशींची सरमिसळ, मेटइस्ट्रस. बहुतेक पांढऱ्याच पेशी, डायइस्ट्रस. पुस्तकात प्रत्येक टप्प्याचा ऐन मध्य दाखवतात, तुम्हाला मिळते ती बरेचदा मधली अवस्था. म्हणून एका स्लाइडवर टप्पा ठरवू नका. सलग दोन-तीन चक्रं नियमित दिसली तरच ती मादी प्रयोगात.

पेशी रंगवायला ०.१ टक्का क्रिस्टल व्हायोलेट मिनिटभर पुरतं. मात्र जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत स्लाइड वरवरच सुकते आणि धुताना पेशी पाण्याबरोबर जातात. स्लाइड वॉर्मर वापरा, नाहीतर ओलीच बघून मोकळे व्हा.

टप्प्यासोबत घड्याळाची वेळही लिहा. प्रोइस्ट्रस १२-१४ तासांचं. सकाळी इस्ट्राडायोल चढलेलं असतं, एलएचची (बीजांड सोडायला लावणाऱ्या हार्मोनची) लाट दुपार कलताना येते. सकाळचा मेंदू आणि संध्याकाळचा मेंदू एका गटात टाकले की झालं कडबोळं. ही लाट उजेडाच्या वेळापत्रकाला बांधलेली असते, तेव्हा १२-१२ तासांचा टायमर लावा आणि रात्री कुणालाही दिवा लावू देऊ नका.

दादरची_लाइफसायन्स
धन्यवाद! एखादीत डायइस्ट्रस संपतच नसेल तर?

पिपेट_परळ
टिप खोल गेली असणार. गर्भाशयमुखाला धक्का लागला की रॅटमध्ये खोटी गर्भावस्था सुरू होते आणि साधारण दोन आठवडे पांढऱ्या पेशीच दिसतात. तिला बाजूला ठेवा, स्मिअर थांबवा.

सिलास्टिक
अंडाशय काढणंही चुकीचं नाही, मात्र त्याचं उत्तर वेगळ्या प्रश्नाला मिळतं. हे हार्मोन एकट्याने काय करतं, एवढंच त्यातून कळतं. शस्त्रक्रियेनंतर निदान आठवडाभर थांबा. तिळाच्या तेलातलं इस्ट्राडायोल भरलेली कॅप्सूल त्वचेखाली बसवण्याआधी रात्रभर सलाईनमध्ये ठेवा, नाहीतर पहिल्या दिवशी एकदम लोंढा सुटतो. तुलनेसाठी नुसतं तेल भरलेल्या कॅप्सूलचा गट हवाच. शेवटी गर्भाशयाचं वजन करा, इस्ट्राडायोलने ते वाढतं. हार्मोन पोचलं की नाही याची इतकी स्वस्त परीक्षा दुसरी नाही.

रक्तातलं इस्ट्राडायोल साध्या एलायझा (प्रतिपिंडांवर चालणारी चाचणी) किटने मोजून थीसिसमध्ये आलेख काढू नका. पातळी इतकी कमी असते की किटचा आकडा भरवशाचा नसतो. मास स्पेक्ट्रोमेट्री (रेणूंच्या वस्तुमानावरून मोजणी) कुठे मिळते ते आधी शोधा. खाद्य सोयामुक्त घ्या, सोयातही इस्ट्रोजेनसारखी द्रव्यं असतात. पिंजरे धुणाऱ्यांवरही लक्ष हवं. अमेरिकेत पॅट्रिशिया हंट यांच्या लॅबमध्ये १९९८ मध्ये तीव्र डिटर्जंटने पॉलिकार्बोनेटचे पिंजरे खराब झाले, त्यातून बिस्फेनॉल-ए हे इस्ट्रोजेनसारखं वागणारं रसायन पाझरलं आणि माउसच्या बीजांडांत दोष दिसू लागले.

कुलाबा_लोकल
प्रवेशाचं थोडक्यात: टीआयएफआरच्या जीवशास्त्रासाठी जेजीईईबिल्स ही प्रवेश परीक्षा द्या, परळसाठी सीएसआयआर, आयसीएमआर किंवा डीबीटी या सरकारी संस्थांची जेआरएफ (कनिष्ठ संशोधन फेलोशिप) मिळवा. जानेवारी २०२३ पासून जेआरएफ महिना ३७,००० आणि एसआरएफ (वरिष्ठ फेलोशिप) ४२,००० रुपये आहे, घरभाडं वेगळं.

हायपोथॅलॅमस (मेंदूतला हार्मोन चालवणारा भाग) यावरही वाचा. १९७८ मध्ये संशोधक अर्न्स्ट क्नोबिल यांच्या गटाने माकडांत दाखवलं की जीएनआरएच (एलएच सोडायला लावणारं हायपोथॅलॅमसचं हार्मोन) तासातासाच्या ठोक्यांनी दिलं तर एलएच वाढतं आणि सतत दिलं तर बसतं. म्हणून एलएचच्या एका नमुन्यावरून काहीच सिद्ध होत नाही. मुलाखतीत गाइडला विचारा: प्राणिगृहात दिव्यांचा टायमर कुणाच्या ताब्यात आहे, आणि रविवारी स्मिअर कोण घेतं?