मदत हवी आहे: एनएलआरचा कटऑफ काढताना स्टेरॉइड घेतलेल्यांचं काय करायचं?

पॅथॉलॉजीत एमडी करतोय. प्रबंधासाठी 2021 च्या दुसऱ्या लाटेतल्या कोविड रुग्णांचे जुने सीबीसी गोळा केलेत. दाखल होतानाच्या न्यूट्रोफिल-लिम्फोसाइट गुणोत्तरावरून (एनएलआर, म्हणजे दोन प्रकारच्या पांढऱ्या पेशींचं प्रमाण) पुढे कोणाला ऑक्सिजन लागेल याचा अंदाज येतो का, एवढंच पाहायचंय.

घोडं अडलंय ते इथे: बरेच जण बाहेरून डेक्सा (डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड) घेऊनच आले होते. स्टेरॉइडने न्यूट्रोफिल वाढतात, लिम्फोसाइट घटतात. मग गुणोत्तर आजाराने चढलं की गोळीने, कसं ओळखायचं?

बीजिंगच्या 2020 च्या अभ्यासातला 3.13 हा कटऑफ लावून पाहिला, तर माझे जवळजवळ सगळेच 'गंभीर' ठरतात. स्टेरॉइडची नोंद असलेले वगळले, तर नमुना निम्म्यावर येतो. शिवाय नोंद नाही म्हणजे घेतलंच नाही असंही नाही. गाइड म्हणतात, आरओसी (कटऑफ ठरवायचा आलेख) काढ आणि मोकळा हो!

अॅब्सोल्यूट काउंट आहेत, नुसते टक्के नाहीत. रक्ताचा कॅन्सर असलेले आणि गरोदर रुग्ण आधीच वगळलेत. सीआरपी (शरीरातला दाह दाखवणारी रक्तचाचणी) मोजक्यांचाच आहे. नवे रुग्ण घेता येणार नाहीत.

तर स्टेरॉइडवाले काढूनच कटऑफ काढू, की सगळे ठेवून लॉजिस्टिक रिग्रेशनमध्ये वयाबरोबर स्टेरॉइडही घालू? आणि 'माहीत नाही' असा तिसरा गट ठेवला तर परीक्षक मान्य करतात का?