‘विकल्याशिवाय तोटा नाही’ हे पोरांना सांगणं थांबवा

कऱ्हाडकर:
काल बिटमावळा यांनी लिहिलं, ‘विकल्याशिवाय तोटा होत नाही. 2021 ला घेतलेलं कार्डानो हे क्रिप्टो कॉइन लाल दिसत असेल तर ॲप उघडू नका, बिटकॉइन आलं तसं तेही वर येईल.’ डोकं फिरलं वाचून. पहिल्या पगारातली पोरं हे वाचतात हो! बिटकॉइन नोव्हेंबर 2021 ला 69 हजार डॉलरच्या घरात होतं, वर्षभरात 16 हजारांवर आलं आणि डिसेंबर 2024 मध्ये लाखापार गेलं. खरंय. पण सप्टेंबर 2021 ला तीन डॉलरवर गेलेलं कार्डानो डिसेंबर 2024 मध्ये दीड डॉलरलाही पोचलं नाही. आणि लुना हे कॉइन? मे 2022 मध्ये 80 डॉलरवरून आठवड्याभरात मातीमोल. ती धरून बसलेल्यांचा तोटा कागदावरचाच का? तेवढी रोकड आज हातात असती तर हेच कॉइन घेतलं असतं का, हे स्वतःला विचारा. नसतं, तर विका.

बिटमावळा:
दरवेळी लुना! तिची रचनाच एक स्टेबलकॉइन, म्हणजे डॉलरशी भाव बांधलेलं कॉइन, सावरण्यावर उभी होती, ती कोसळली. नोव्हेंबर 2022 ला एफटीएक्स हे क्रिप्टो एक्स्चेंज बुडालं तेव्हा माझ्या मेव्हण्याने घाबरून बिटकॉइन विकलं. अजून विषय निघाला की उठून जातो. ‘विक’ म्हणणारे तुमच्यासारखेच होते.

कऱ्हाडकर:
त्यांनी बिटकॉइन विकलं. मी कार्डानोबद्दल बोलतोय. नीट वाचा.

लेखाजोखा:
विकण्याआधी कर समजून घ्या. अमेरिकेतले व्हिडिओ बघून लोक येतात, ‘तोट्यात विकून तो तोटा नफ्यातून वजा करू’ म्हणतात. आपल्याकडे क्रिप्टोच्या कराचा नियम ते करू देत नाही. बिटकॉइनमध्ये लाखाचा नफा, कार्डानोत लाखाचा तोटा, तरी उपकरासह 31,200 भरायचेच. तोटा पुढच्या वर्षी नेताही येत नाही.

तळकोकण:
हाच अन्याय आहे! शेअरचा तोटा आठ वर्षं पुढे नेता येतो, आमचा का नाही? वर 1 टक्का टीडीएस. तीन लाखांचे कॉइन 60 हजारांत विकले, त्यातूनही 600 कापले.

लेखाजोखा:
ते 600 रिटर्नमध्ये दाखवा, कर निघत नसेल तर परत मिळतात.

निवृत्त_मास्तर:
सट्ट्याला सवलत कशासाठी? माझ्या भाच्याने पर्सनल लोन काढून कॉइन घेतले. हप्ते माझी बहीण भरते, पेन्शनमधून.

तळकोकण:
बहिणीचं वाईट वाटलं. पण मास्तर, शेअर बाजारातलं एफ अँड ओ, म्हणजे फ्युचर्स-ऑप्शन्स, काय आहे मग? तिथला तोटा पुढे नेता येतो. त्यावर कोणी बोलत नाही.

निवृत्त_मास्तर:
मी बोलतो. तेही बंद करा.

तळकोकण:
बंद कराच म्हणायचं असेल तर चर्चा कशाला?

बिटमावळा:
म्हणजे माझंच खरं. तोटा कशातूनच वजा होत नाही, मग विकून मिळवायचं काय?

लेखाजोखा:
उलट आहे. कराचा फायदा नाही, म्हणजे विकायचं की नाही यात कर मोजायचाच नाही. उरलेल्या पैशाचं काय करता येईल तेवढंच बघा. मास्तरांच्या भाच्याने उरलंसुरलं विकून आधी कर्जात भरावं. पर्सनल लोनचं व्याज कॉइन वर येईपर्यंत थांबत नाही.

बिटमावळा:
कर्ज काढून घेतलं असेल तर विकावं, एवढं मान्य. माझं बिटकॉइन मी विकणार नाही.

कऱ्हाडकर:
तुमचं बिटकॉइन कोणी मागितलंय? कालच्या पोस्टीत कर्जाची ओळ घाला आणि कार्डानोचं वाक्य काढा.

बिटमावळा:
कर्जाची ओळ घालतो. वाक्य राहील.