साखर मोजायच्या घरच्या मीटरनं आईबाप वेडे होतात म्हणे. मग रात्री काय पाहून झोपायचं?

मनीषनगरची आई: काल इथे एकानं लिहिलं, "दुर्मिळ आजाराच्या लेकरांना सगळ्यांनी घरी टोचणं बंद करा, लक्षणं पाहा अन् डॉक्टरकडे न्या." रात्रभर डोक्यातून गेलं नाही. माझ्या पोराला ग्लायकोजेन स्टोरेज, पहिला प्रकार. यकृतात साखर साठते, बाहेर निघत नाही. ती पडू नये म्हणून दर चार तासांनी कच्चं कॉर्नस्टार्च (मक्याचं पांढरं पीठ), तेही साध्या पाण्यात. शिजलं की उपयोग गेला. फळांतली साखरही चालत नाही, म्हणून नागपुरात राहून संत्रं बंद. मागच्या तान्ह्या पोळ्याला लाकडी नंदी ओढत हसत होता, म्हणून कॉर्नस्टार्च द्यायला अर्धा तास जास्त थांबले. टोचलं तर साखर ४८, फारच कमी! या मुलांचा मेंदू साखरेऐवजी रक्तातल्या लॅक्टेट नावाच्या दुसऱ्या इंधनावर भागवून नेतो, चेहऱ्यावर काहीच दिसत नाही. सांगा, कोणतं लक्षण पाहू?

लॅबवाला, मेडिकल चौक: ते मीच लिहिलं. ताई, एका पोरावरून सगळ्यांच्या हाती मशीन देऊ नका. युरिया सायकलवाले, म्हणजे ज्यांच्या लेकरांच्या रक्तात अमोनिया साठतो ते, मला अमोनियाचं घरगुती मशीन विचारून राहिले. तो नमुना बर्फात ठेवून लगेच तपासावा लागतो. बोट पिळलं तरी आकडा फुगतो. अन् गॅलॅक्टोसेमियात, म्हणजे दुधातल्या साखरेतलं गॅलॅक्टोज पचत नाही त्या आजारात, काही जुन्या पद्धतीच्या स्ट्रिपा गॅलॅक्टोजलाच ग्लुकोज समजतात. साखर पडलेली, मीटर म्हणते छान!

दिघोरीचे बाबा: लॅबवाल्या भाऊंचं बरोबर आहे. आमच्या पोरीला एमकॅड, म्हणजे उपाशी असताना शरीराला चरबीपासून ताकद बनवता येत नाही. उलट्या सुरू होत्या, मीटरवर साखर ९२, म्हणजे ठीक. आम्ही सकाळची वाट पाहिली. सकाळी उठवली तर डोळे उघडेना. फॅटी अ‍ॅसिडच्या आजारात साखर उशिरा पडते, हे तेव्हा आम्हाला कोणी सांगितलंच नव्हतं. त्या ९२ चा मला अजून राग येतो.

धरमपेठ: आकड्याचं सोडा, मे महिन्यात मीटर चालते का तुमचं? पारा ४५ वर, लाइट गेलेली, कूलर बंद. स्क्रीनवर नुसतं थर्मामीटरचं चित्र. स्ट्रिपच्या डबीवर ३० डिग्रीच्या आत ठेवा लिहिलंय. इथे कुठे ठेवू?

मनीषनगरची आई: मी माठाशेजारी ठेवते.

लॅबवाला, मेडिकल चौक: माठाशेजारी ओल असते ना! फ्रिजमध्येही नको. झाकण घट्ट लावा, घरातल्या सगळ्यात थंड खोलीत ठेवा.

धरमपेठ: आमच्या दोन खोल्या, दोन्ही पत्र्याच्या. थंड खोली तुमच्याकडे असंल!

लॅबवाला, मेडिकल चौक: मी माहिती देऊन राहिलो, तुम्ही घर काय काढता?

सक्करदऱ्याची आई: मशीन आहे म्हणून भांडता तरी येते तुम्हाला. आमचा पीकेयू. प्रथिनांतलं फिनाइलअ‍ॅलनिन लेकराला पचत नाही, रक्तात साठते. फिनाइलअ‍ॅलनिन १२० ते ३६० मध्ये ठेवा म्हणतात, पण ते घरी दाखवणारं मीटर दुकानात मिळतच नाही. कार्डावर रक्ताचे थेंब, वाळवायचे, पाठवायचे. तापात आकडा वाढतो अन् रिपोर्ट येतो तोवर ताप उतरलेला असतो. दीड वाटी वरण चुकून खाल्लेलं मला आठ दिवसांनी कळते. आजचा आकडा आज कळावा, एवढंच मागते मी.

मनीषनगरची आई: दिघोरीच्या बाबांचं पटलं. पोर सुस्त असेल तर आकडा न पाहता निघायचं, तेवढं मान्य. पण त्यांच्या ९२ मुळं माझा ४८ खोटा होत नाही.

लॅबवाला, मेडिकल चौक: ठीक आहे. "सगळ्यांनी" हा शब्द काढतो. बाकी एक अक्षर बदलणार नाही.